ताई, प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, कुठला कोर्स करू?

वर्षातून आठ-दहा वेळा तरी हा मेसेज मला येतो. पाठवणारी मुलं साधारण सारखीच. ठाणे-नवी मुंबईच्या आयटी पट्ट्यात, म्हणजे ऐरोली, महापे नाहीतर वागळे इस्टेटमध्ये दोन-तीन वर्षं काढलेली. कोणी टेस्टिंगला, कोणी सपोर्टला, कोणी जावा लिहितंय. लिंक्डइनवर कुणाची तरी ‘आता मी प्रॉडक्ट मॅनेजर’ अशी पोस्ट दिसते आणि रात्री अकराला मला विचारणा होते. मी महाप्याच्या एका कंपनीत टेस्टर होते आणि तिथूनच या कामात आले, म्हणून मला विचारतात. प्रत्येकाला तेच टाइप करून कंटाळले, तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते.

कोर्सचं उत्तर खाली आहे, पण बरंच खाली. आज ज्या खुर्चीत बसला आहात तिथे राहूनच हे काम थोडं करून बघायचं आणि केल्याचा कागद जवळ ठेवायचा, हे आधी. माझ्या ओळखीत ज्यांना ही नोकरी मिळाली, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे असा कागद होता. प्रमाणपत्रं तर सगळ्यांकडेच होती.

हे काम नेमकं काय?

मांडव वेळेत उभा राहील, केटरर साडेअकराला पोचेल आणि बिल ठरल्या पैशात बसेल, हे बघणारा प्रोजेक्ट मॅनेजर. मांडव घालायचाच का, हॉल का नको, दोनशे माणसं बोलवायची की पन्नास, हे घरच्यांशी बोलून ठरवणारा प्रॉडक्ट मॅनेजर. काय बनवायचं, कुणासाठी, आत्ताच का, आणि मुख्य म्हणजे काय बनवायचं नाही, हे चार निर्णय त्याच्या गळ्यात असतात. बिझनेस ॲनालिस्ट गरज खोदून नीट लिहून काढतो. प्रॉडक्ट ओनर ही स्क्रममधली, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायच्या एका पद्धतीतली जबाबदारी आहे: टीमपुढच्या कामांची यादी आणि तिचा क्रम त्याच्या हातात. छोट्या कंपनीत हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर असतं.

हे काम संगणकाच्या आधीपासूनचं आहे. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिराती बघणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडमागे एक माणूस असावा, त्या मालाचं कुठे काय बिनसतंय ते त्यानेच शोधावं, असा त्याचा आशय. साबणाच्या जागी ॲप आलं, बाकी फारसं बदललेलं नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. या पदाच्या नावात ‘मॅनेजर’ असलं तरी सुरुवातीला हाताखाली एकही माणूस नसतो. डेव्हलपरचा साहेब वेगळा, डिझायनरचा वेगळा. काम करून घ्यायचं ते पटवून. दिवसातले चार-पाच तास बोलण्यात आणि लिहिण्यात जातात. एकट्याने हेडफोन लावून कोड लिहिण्यात ज्यांना खरं सुख आहे, त्यांनी पगाराच्या आकड्याकडे बघून इकडे येऊ नये. दोन वर्षांत परत गेलेले मी पाहिलेत.

पहिली पायरी: रोजचं एक ॲप उघडून त्यातले निर्णय शोधा

उदाहरणाला लोकलचं तिकीट घ्या. मुंबईत मोबाइलवर अनारक्षित तिकीट मिळायला लागलं २०१४ मध्ये, रेल्वेच्या यूटीएस ॲपवर. ज्यांनी ते वापरलं त्यांना आठवत असेल: ठाण्याच्या नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर उभं राहून वाशीचं तिकीट काढायला जावं, तर ॲप नकार द्यायचं. तुम्ही स्टेशनच्या हद्दीत आहात, बाहेर जा. गाडी समोर उभी, खिशात पैसे, हातात फोन, आणि तिकीट नाही!

चिडून ‘बेकार ॲप’ म्हणणं सोपं आहे. प्रॉडक्टवाल्याने विचारायचं की हे मुद्दाम केलं असेल तर का? उत्तर फार लांब नाही. प्लॅटफॉर्मवर तिकीट मिळायला लागलं, तर टीसी दिसल्यावरच लोक तिकीट काढतील. म्हणजे इथे दोन माणसांच्या गरजा एकमेकींच्या आड येतात, घाईतल्या प्रवाशाची आणि महसूल बुडू न देणाऱ्या रेल्वेची. एका बाजूला झुकतं माप दिलं आणि त्याची किंमत प्रामाणिक प्रवाशाने भरली.

आता आणखी खोदा. फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं. ठाण्यात तर रस्ता, रिक्षास्टँड आणि प्लॅटफॉर्म एकमेकांना चिकटलेले, मग स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही ॲप ‘आत आहात’ म्हणू शकतं. त्याचं काय? स्टेशनवर लावलेला क्यूआर स्कॅन करून तिकीट देण्याची सोय केली, तर हा प्रश्न सुटतो. पण त्या क्यूआरचा फोटो कुणी फोनमध्ये साठवून ठेवला तर? मग क्यूआर दर काही सेकंदांनी बदलणारा हवा, म्हणजे कागदाऐवजी स्क्रीन, म्हणजे वीज, देखभाल, खर्च. एका साध्या नियमाच्या मागे केवढं शेपूट निघालं बघा.

असं एक पान लिहा. ॲप कुणाचं, नियम काय, कुणाचा फायदा, कुणाला त्रास, मी असते तर काय बदललं असतं आणि त्यातून नवा कोणता घोळ झाला असता. शेवटचा प्रश्न बहुतेक जण टाळतात, आणि खरा माणूस तिथेच ओळखू येतो. आठवड्याला एक, अशी सहा पानं करा. महापालिकेचं मालमत्ता कराचं पान, एम-इंडिकेटर, बँकेचं ॲप, काहीही चालेल. परदेशी ॲप शक्यतो नको. त्यांच्यावर इंटरनेटभर लिहिलेलं असतं, तुमचं वेगळं काय?

दुसरी पायरी: आपलं दार ओळखा

टेस्टर असाल तर प्रॉडक्ट कुठे कुठे मोडतं हे इतर कुणाहीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. सपोर्टला असाल तर लोक कशाने वैतागतात ते रोज कानांनी ऐकता. या खुर्चीला आपल्याकडे फार कमी लेखतात. मला तर नवा प्रॉडक्ट मॅनेजर घ्यायचा झाला की सपोर्टवाला आधी आठवतो. डेव्हलपरला किती काम लागेल याचा अंदाज असतो. सेल्सवाल्याला कोण कशाचे पैसे देईल ते कळतं.

यात आयटीबाहेरच्यांनाही जागा आहे, आणि नवी मुंबईत तर जास्तच. न्हावा शेवा बंदराच्या कामात कस्टम्सचे कागद हाताळलेला माणूस, एपीएमसीत बापाबरोबर गाळ्यावर बसलेली मुलगी, औषध कंपनीत क्वालिटीचे रेकॉर्ड सांभाळणारा केमिस्ट. कंटेनरचं भाडं, फळांची आवक, बॅच नंबर या गोष्टी कोडवाल्याला शिकवायला वर्ष जातं. त्या क्षेत्राचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला तुम्ही हवे असता, फक्त तुम्हाला ते माहीत नसतं.

सर्वांत सोपं दार आपल्याच कंपनीतलं. तुमच्या प्रॉडक्ट मॅनेजरकडे जाऊन ‘मला शिकवाल का?’ असं विचारू नका, त्याला वेळ नसतो. त्यापेक्षा ‘गेल्या महिन्यातल्या ३०० तक्रारी मी वाचते आणि कारणांप्रमाणे गट पाडून देते’ असं म्हणा. नाही म्हणणारा अजून मला भेटलेला नाही.

तिसरी पायरी: एक खरा प्रश्न, खऱ्या माणसाचा

यावर जरा जास्त लिहिते, कारण इथेच बहुतेकांचं गाडं अडतं.

माझी एक ज्युनिअर होती. कळव्याला राहणारी, ऐरोलीत सपोर्टला. नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रातून तिचा डबा यायचा. केंद्र चालवणाऱ्या काकू तिला म्हणाल्या, “तू कॉम्प्युटरमधली ना? आम्हाला एक ॲप करून दे गं.” ती खूश. दोन दिवसांत तिने फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर स्क्रीन काढले, केशरी रंग, वर मोदकाचं चित्र. मी म्हटलं, हे राहू दे, आधी तीन दिवस सकाळी आठ ते अकरा तिथे जाऊन बस आणि वहीत लिही.

वहीत आलं ते असं. ऑर्डरचा त्रास नव्हताच. गिऱ्हाइकं ठरलेली, डबेही ठरलेले. त्रास होता तो ‘आज नको’चा. हा मेसेज साडेदहाला यायचा, तेव्हा पोळ्या लाटून झालेल्या असायच्या. रोज तीस-पस्तीस पोळ्या उरायच्या.

मग ती अकरा गिऱ्हाइकांशी बोलली. पहिला प्रश्न तिने चुकीचा विचारला: “ॲप आलं तर वापराल का?” अकरापैकी दहा जण म्हणाले, वा, छान कल्पना आहे! आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. ‘बघू’, ‘करू ना’, ‘चांगलं आहे हो’ हे तिन्ही नकार असतात, ते ओळखायला शिका. भविष्याबद्दल विचारलं की लोक सभ्यपणे खोटं बोलतात. भूतकाळाबद्दल विचारलं की खरं बोलतात. तिने प्रश्न बदलला: “मागच्या वेळी डबा नको होता, तेव्हा काय झालं? कधी कळलं नको आहे ते? मग काय केलंत?” आता उत्तरं वेगळी. रात्रीच माहीत होतं पण सांगायचं राहिलं. सकाळी गाडीत आठवलं, पण मुंब्र्याच्या बोगद्यात नेट गेलं. काकूंना वाईट वाटेल म्हणून उशीर केला.

म्हणजे हवी होती ती आठवण. ॲपची गरजच नव्हती. काकूंच्या व्हॉट्सॲप बिझनेसवरून रात्री साडेआठला एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणारा मेसेज: ‘उद्या डबा हवा की नको? नऊपर्यंत कळवा.’ पहिल्या रात्री काही जणांना मेसेज पोचलाच नाही, कारण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच ब्रॉडकास्ट मिळतो. हे आधी तपासायला हवं होतं, नाही तपासलं, दुसऱ्या दिवशी डब्यावर चिठ्ठ्या चिकटवून नंबर सेव्ह करायला लावला. तिसऱ्या आठवड्यात उरणाऱ्या पोळ्या दहा-बारावर आल्या.

आणि मग काकू रागावल्या. “आता हे रोजच नको म्हणायला लागलेत!” सांगायचं विसरून जे लोक डबा खात होते, ते आठवण मिळाल्यावर बिनधास्त रद्द करू लागले. पोळ्या वाचल्या, पण गल्ला उतरला. एक आकडा सुधारताना दुसरा कुठला बिघडतोय यावर डोळा ठेवायचा असतो, हे तिला तिथे कळलं. महिन्याला किमान वीस डबे घेणाऱ्यांनाच रात्री रद्द करायची सोय, असा तोडगा दोघींनी मिळून काढला.

एक ओळही कोड नाही. पण पुढे मुलाखतीत तिला चाळीस मिनिटं याच एका गोष्टीवर विचारलं गेलं. मोदकाचं चित्र कुणी पाहिलंही नाही.

तुम्ही असं काम करताना लोकांचे नंबर आणि पत्ते हातात येतात. कशासाठी घेतोय ते सांगा, परवानगी घ्या, काम झालं की पुसून टाका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि संमती हा त्याचा पाया आहे; आतापासून सवय असलेली बरी.

चौथी पायरी: तंत्र कळण्यापुरतं शिका

कोड लिहिता आलाच पाहिजे असं नाही. पण समोरचा डेव्हलपर ‘तो एपीआय टाइमआउट होतोय’ म्हणाला की मान डोलावून गप्प बसण्याची वेळ येऊ नये. एपीआय म्हणजे बँकेतली खिडकी समजा: ठरावीक फॉर्म भरून सरकवायचा, आतून ठरावीक उत्तर येतं, आत काय चाललंय ते दिसत नाही. टाइमआउट म्हणजे खिडकीवर कुणी उत्तरच दिलं नाही. काम झालं की नाही, ते माहीत नाही.

हे नीट समजायला यूपीआय घ्या. २०१६ पासून आहे, रोज वापरता. तुम्ही पैसे पाठवता तेव्हा तुमच्या ॲपकडून विनंती ॲपशी जोडलेल्या बँकेमार्फत यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे जाते. तिथून तुमच्या बँकेला ‘वजा कर’, मग समोरच्याच्या बँकेला ‘जमा कर’. पैसे वजा झाले आणि जमा करणाऱ्या बँकेकडून उत्तरच आलं नाही, तर स्क्रीनवर काय दाखवायचं? ‘अयशस्वी’ दाखवलं तर माणूस पुन्हा पैसे पाठवेल, आणि पहिलेही जमा झाले तर दोनदा जातील. ‘यशस्वी’ दाखवलं तर भाजीवाला ओरडेल. म्हणून ‘प्रलंबित’ ही तिसरी अवस्था लागते. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमही माहीत असू द्या: खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत; त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. ‘प्रलंबित’च्या स्क्रीनवर कोणतं वाक्य लिहायचं, ते या नियमातून येतं. तंत्र, कायदा आणि माणसाची घालमेल एका स्क्रीनवर आणणं, हे तुमचं काम.

यापलीकडे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन एवढं महिन्याभरात येतं, रोज अर्धा तास दिला तर. ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स-हार्बर लोकलला सकाळी बसायला मिळत असेल तर तिथेच. (बसायला मिळत नाही, माहीत आहे.)

पाचवी पायरी: आकडे वाचणं

समजा, ॲप १,००० जणांनी उघडलं. ६०० जणांनी मोबाइल नंबर टाकला, ५४० जणांना ओटीपी पाठवला, ३१० जण आत गेले. मीटिंगमध्ये लगेच कुणीतरी म्हणेल, पहिल्या पायरीवर ४०० गळले, मुखपृष्ठ बदला. थांबा. नुसतं बघायला आलेले तिथे गळणारच. पण नंबर दिलेला माणूस आत यायलाच आलाय, ओटीपी पाठवलेल्या ५४० मधून २३० गेले, हे जास्त गंभीर. आता तुकडे पाडा: कोणत्या कंपनीचं सिम, कोणता फोन, दिवसाची कोणती वेळ. कदाचित दिसेल की ओटीपी यायला चाळीस सेकंद लागतात आणि स्क्रीनवरची उलटी मोजणी तीस सेकंदांत संपते. मग तीसचे साठ करणं हे एका ओळीचं काम, आणि मुखपृष्ठाचं नवं डिझाइन वाचलं.

दुसरा आकडा टिकण्याचा. एकाच आठवड्यात आलेल्या लोकांपैकी महिन्याने किती जण परत आले. एकूण डाउनलोडचा आकडा वाढतच जातो, तो साहेबांना दाखवायला बरा असतो.

सहावी पायरी: लिहिणं, आणि क्रम लावणं

एका पानाचं टिपण: अडचण कुणाची, पुरावा काय, करायचं काय, करायचं नाही काय, जमलं हे कसं कळेल. त्यानंतर युजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडून लिहिलेली गरज. डब्याचंच घेऊ: ‘उद्याचा डबा नको असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत मला तो एका बटणाने बंद करता यावा, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.’ हे लिहायला दोन मिनिटं लागतात. वेळ जातो तो खालच्या अटींना. नऊ वाजून एक मिनिटाने बटण दिसेल का? दिसलं तर दाबल्यावर काय सांगायचं? चुकून बंद केलेला डबा पुन्हा चालू करता येईल? महिन्याचे पैसे आधी भरले असतील तर तो दिवस पुढे सरकेल की पैसे परत? नेट नसताना दाबलं तर? टेस्टर मंडळी इथे भराभर लिहितात, कारण हे प्रश्न ती आयुष्यभर विचारत आलेली असतात.

क्रम लावायला राइस ही पद्धत बरी, इंटरकॉम कंपनीच्या लोकांनी काढलेली. किती जणांपर्यंत पोचेल, गुणिले परिणाम किती, गुणिले खात्री किती, भागिले मेहनत. रात्रीची आठवण: महिन्याला १२० जण, परिणाम २, खात्री ८० टक्के, मेहनत एका माणसाचा एक आठवडा, उत्तर १९२. ऑनलाइन पैसे भरणं: २०० जण, परिणाम १, खात्री ५० टक्के, मेहनत चार आठवडे, उत्तर २५. आठवण आधी. पण हे आकडे शेवटी आपणच टाकतो, आणि आवडत्या कामाची खात्री आपोआप ९० टक्के होते. म्हणून मी आकडेमोड भांडण सुरू करायला वापरते, संपवायला नाही.

आता कोर्स

स्क्रमची मूळ मार्गदर्शिका केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी फुकट ठेवली आहे. २०२० ची आवृत्ती जेमतेम पंधरा पानांच्या आत आहे. आधी ती वाचा. अर्धे कोर्स तीच ताणून विकतात. प्रॉडक्ट ओनरची दोन प्रमाणपत्रं नेहमी दिसतात. सीएसपीओ हे साधारण दोन दिवसांचा वर्ग करून मिळतं, परीक्षा नसते. पीएसपीओला परीक्षा असते, वर्ग सक्तीचा नसतो. बँका आणि सर्व्हिस कंपन्यांच्या एचआरला अशी अक्षरं रेझ्युमेवर दिसली की बरं वाटतं, स्टार्टअपवाले ढुंकूनही बघत नाहीत. लाखभर रुपयांचे सहा महिन्यांचे कोर्स मात्र कर्ज काढून करू नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याकडून मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मागा, आणि तो काय कारण सांगतो ते ऐका.

अर्ज आणि मुलाखत

शोधताना फक्त ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ टाकू नका. असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर, प्रॉडक्ट ॲनालिस्ट, प्रॉडक्ट ऑपरेशन्स, प्रॉडक्ट ओनर, बिझनेस ॲनालिस्ट, सगळं बघा. आपल्या पट्ट्यात सर्व्हिस कंपन्या बऱ्याच आहेत. तिथे ‘प्रॉडक्ट ओनर’ अशी पाटी असते, पण निर्णय अमेरिकेतला क्लायंट घेतो आणि तुम्ही जिराची, म्हणजे कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरची तिकिटं लिहीत बसता. सुरुवातीला तेही वाईट नाही, फक्त डोळे उघडे ठेवून जा. ओळखायचा प्रश्न सोपा आहे: “गेल्या तिमाहीत तुम्ही कोणतं काम करायचं नाही असं ठरवलंत, आणि ते कुणी ठरवलं?” उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, की समजा.

रेझ्युमेत ‘टीमशी समन्वय साधला’ असली वाक्यं नकोत. काय दिसलं, काय केलं, काय बदललं, एवढंच. सोबत त्या सहा पानांतली दोन चांगली आणि तुमच्या ‘पोळी-भाजी’ची गोष्ट, एका लिंकवर.

मुलाखतीत तीन जातीचे प्रश्न येतात. एक, अंदाजाचा: ठाणे स्टेशनबाहेर दिवसाला किती वडापाव विकले जातात? उत्तराचा आकडा कुणाला नको असतो; गाड्या किती, एका गाडीवर गर्दीच्या तासाला किती, गर्दीचे तास किती, अशा पायऱ्या मोठ्याने बोलत जा. दोन, ‘अमक्यासाठी ॲप बनवा’. इथे बनवायला सुरुवात केली की नापास. आधी विचारा, अमका म्हणजे कोण? तीन, ‘काल आकडा २० टक्के पडला, का?’ आधी मोजणीच बिघडली नाही ना ते बघा. मग सगळीकडे पडला की एकाच जागी? नवी आवृत्ती आली का? काल वार कोणता होता? रविवारचा मेगाब्लॉक असेल तर प्रवासाच्या ॲपचा आकडा पडणारच, त्यात तुमचा काय दोष.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मी मराठी शाळेतली. लहान वाक्यं लिहायची, एका वाक्यात एकच गोष्ट. फर्डं इंग्रजी बोलणाऱ्याला डबेवाल्याशी किंवा गाळेवाल्याशी बोलता येत नाही, तिथे तुमची बाजू भक्कम असते. पगाराचं म्हणाल, तर बाजू बदलताना मला एक पैसा वाढला नव्हता. उलट त्या वर्षीची टेस्टिंगमधली बढती हुकली. घरी सांगताना जड गेलं. दीड वर्षाने भरून निघालं.

नोकरी लागल्यावरचे तीन महिने

पहिल्या महिन्यात काहीही बदलायला सुचवू नका. सपोर्टचे कॉल ऐका, जुनी टिपणं वाचा, प्रत्येक डेव्हलपरबरोबर एकेकदा चहा प्या आणि ‘तुम्हाला यातलं काय दुरुस्त करावंसं वाटतं?’ एवढंच विचारा. सोन्यासारखी यादी मिळते. दुसऱ्या महिन्यात त्या यादीतलं सर्वांत लहान काम उचला, आकडा आधी मोजून ठेवा. तिसऱ्या महिन्यात ते लोकांपर्यंत पोचवा आणि तोच आकडा पुन्हा मोजा.

आणि रिलीज शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नका. मी ठेवलं होतं. शनिवार-रविवार दोन्ही महाप्यात गेले, तेही ट्रान्स-हार्बरला ब्लॉक असताना, ठाण्याहून बसने.